स्पोर्ट बाईकची पॉवर : सोलापूरच्या रायडर्सकडून वारंवार येणारे प्रश्न

दर रविवारी पहाटे सात रस्त्याला जमायचं आणि तुळजापूरच्या नाहीतर अक्कलकोटच्या रस्त्याला लागायचं, हा आमचा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. परतताना चहाला थांबलं की वाद ठरलेला : आजच्या स्पोर्ट बाईकला एवढी पॉवर कशाला? जुन्या यामाहा आरएक्स १०० वाले एका बाजूला, केटीएम ड्यूकवाले दुसऱ्या बाजूला. नवीन पोरं तेच प्रश्न मोबाईलवर पाठवत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एचपी, बीएचपी, पीएस यात नक्की फरक काय? एकाच गाडीचे दोन आकडे का दिसतात?

एचपी म्हणजे अश्वशक्ती. एक बीएचपी म्हणजे सुमारे ७४६ वॉट, एक पीएस म्हणजे सुमारे ७३५ वॉट. पीएस हे युरोपातलं माप असल्यानं त्यात आकडा किंचित मोठा येतो. सुझुकी हायाबुसाचे १९० पीएस म्हणजे १८७ बीएचपी. फरक दीड टक्क्याचाही नाही, त्यावरून भांडू नका. कागदपत्रांत किलोवॉट दिसले तर १.३६ ने गुणा, पीएस मिळतील.

२. पॉवर आणि टॉर्क वेगळे म्हणजे काय? फिटर म्हणतो टॉर्क बघ, शोरूमवाला म्हणतो पॉवर बघ.

गळीत हंगामात मोहोळच्या रस्त्यावर उभे राहा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो, तो साधारण ५० एचपीचा. शेजारून सुळकन जाणारी ड्यूक ३९० आहे ४६ पीएसची. पॉवर जवळपास सारखीच. मग एक ऊस ओढतो आणि दुसरी दीडशेच्या पुढं पळते, हे कसं?

ट्रॅक्टरचं इंजिन ती पॉवर २००० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनचे फेरे) आसपास देतं. हिशोब केला तर टॉर्क निघतो १७५ न्यूटन-मीटरच्या पुढं. ड्यूक तेवढीच पॉवर ८५०० आरपीएमला देते, तिथं टॉर्क ३८ च्या आसपास असतो. टॉर्क म्हणजे पिळायची ताकद. ती ताकद मिनिटाला किती वेळा लावली, हे धरलं की पॉवर होते. सूत्र सोपं आहे : न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, बरोबर पीएस. बहुतेक गाड्यांच्या माहितीपत्रकात कमाल पॉवर आणि कमाल टॉर्क किती आरपीएमला मिळतात ते छापलेलं असतं. मोठ्या आकड्याआधी तो आरपीएमचा बारीक आकडा वाचा. तुम्ही रोज ज्या आरपीएमला गाडी चालवता तिथं ती काय देते, हे त्यावरूनच कळतं.

३. आरएक्स १०० ला फक्त ११ पॉवर. मग सिग्नल सुटला की ती यामाहाच्याच आर वन फाइव्हला मागं कशी टाकते?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि आरएक्सवाल्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे.

आरएक्स १०० टू-स्ट्रोक. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला तिचा एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकचा दर दोन फेऱ्यांना एक. शिवाय गाडी जेमतेम १०३ किलोची. आर वन फाइव्हची चौथी आवृत्ती १४१ किलोची, १८.४ पीएस, पण ती पॉवर १०,००० आरपीएमला. तिच्यातली व्हीव्हीए यंत्रणा साधारण ७४०० आरपीएमला व्हॉल्व्हचा कॅम बदलते, खरा दम त्यापुढं आहे. सिग्नलला ४००० वर क्लच सोडला तर १२ न्यूटन-मीटर धरूनही जेमतेम ७ पीएस वापरात येतात. उरलेले अकरा टाकीखाली झोपलेले असतात.

आता वजनाचा हिशोब. नुसत्या गाडीचं वजन धरलं तर टनामागं आरएक्सला सुमारे १०७ पीएस, आर वन फाइव्हला १३०, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला १०४, नव्या ड्यूक ३९० ला २७४. त्यावर सत्तर किलोचा माणूस बसवा : आरएक्स ६४, क्लासिक ७६, आर वन फाइव्ह ८७, ड्यूक १९३. माणूस बसला आणि आरएक्स क्लासिकच्याही मागं गेली. हलक्या गाडीला स्वाराचं वजन जास्त बोचतं, कारण स्वार हाच तिच्या एकूण वजनाचा मोठा हिस्सा असतो.

थोडक्यात, खालच्या आरपीएमवरचे पहिले पन्नास मीटर आरएक्सचे. आर वन फाइव्हवाल्यानं ८००० च्या वर सुई ठेवून गिअर टाकले तर त्यापुढचा रस्ता त्याचा. आरएक्सचा तो टणटणीत आवाज आणि मधल्या आरपीएमला अचानक येणारा झटका मला आजही आवडतो. पण आवडणं वेगळं आणि ताकद वेगळी.

४. सीसी जास्त म्हणजे पॉवर जास्त ना?

नाही. क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसी, पॉवर २० च्या घरात. कावासाकी निंजा ३०० चं २९६ सीसी, पॉवर ३९ पीएस. क्लासिकला एकच सिलिंडर, ४००० आरपीएमलाच २७ न्यूटन-मीटर, म्हणून टॉप गिअरमध्येही ती ओढत राहते. निंजा दोन सिलिंडरची, ११,००० वर फिरणारी. दोन्ही इंजिनं आपापल्या जागी बरोबर आहेत.

५. ऐंशीनं जायला खरोखर किती पॉवर लागते?

पाच-सहा एचपी. आकडा ऐकून लोक अविश्वासानं बघतात, म्हणून मांडून दाखवतो.

सपाट रस्ता, वारा नाही, नेकेड बाईकवर (पुढं हवा अडवणारं आवरण नसलेल्या) सरळ बसलेला माणूस. ऐंशीला हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण मिळून साधारण १८५ न्यूटन होतात. त्याविरुद्ध सेकंदाला २२ मीटर जायचं म्हणजे चार किलोवॉटच्या आसपास. शेतातली पाच एचपीची पाण्याची मोटर जेवढं काम करते, तेवढंच.

आता एकशे साठ. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि हवेवर खर्च होणारी पॉवर आठपट. त्याच माणसाला आता ३८ ते ४० एचपी लागतात. तीनशेच्या आसपास जायचं तर फेअरिंगमागं (त्या पुढच्या आवरणामागं) टाकीवर छाती टेकूनही दीडशेच्या पुढं. स्पोर्ट बाईकची सगळी मोठी पॉवर जाते ती हवा फाडायला. आपल्याकडं चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ८० आहे. उरलेली पॉवर उपयोगी पडते ती फक्त वेग वाढवताना, ओव्हरटेक करताना आणि चढावर.

६. मग दोनशे एचपीच्या बाईकचा सोलापुरात उपयोग काय?

ही पॉवर वाढली कशी ते आधी बघू. १९९२ ला होंडाची पहिली फायरब्लेड आली : ८९३ सीसी, सुमारे १२२ पीएस, कोरडं वजन १८५ किलो. त्या काळच्या मोठ्या बाईक तिच्यापुढं जड वाटायला लागल्या. १९९८ च्या यामाहा आर वननं १५० गाठले. २००९ च्या बीएमडब्ल्यू एस १००० आरआरनं १९३. आज तीच एस १००० आरआर २१० ला आहे, वजन दोनशे किलोच्या आत. कावासाकीची एच टू आर तर ३१० पीएसची, पण ती रस्त्यावर चालवायला मान्यता नसलेली, फक्त ट्रॅकची गाडी. तीस वर्षांत लिटरच्या (सुमारे १००० सीसीच्या) वर्गातली पॉवर पाऊणपट वाढली, वजन मात्र वाढलं नाही.

आमच्यातला एक गट म्हणतो, हे सगळं वाया आहे. पुणे रस्त्यावर टेंभुर्णीपर्यंत कुठल्याही वळणावर म्हैस आडवी येते, दुभाजकाच्या फटीतून ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतो, तिथं २०० एचपी म्हणजे पायात बेडी. दुसरा गट म्हणतो, ताकद वापरली नाही तरी असलेली बरी, इंजिन निवांत चालतं.

माझं मत पहिल्या गटाकडं झुकतं, पण कारण वेगळं आहे. लिटर क्लासच्या बाईक पहिल्याच गिअरमध्ये शंभरीच्या कितीतरी पुढं जातात. म्हणजे गावातल्या गावात इंजिन कायम त्याच्या सगळ्यांत सुस्त भागात अडकलेलं, क्लच अर्धा दाबलेला, पंखा भणभणत असलेला. जी मजा घ्यायला पैसे मोजले ती मिळतच नाही. उलट ४० पीएसच्या गाडीचा अ‍ॅक्सिलेटर दिवसातून दोनचार वेळा तरी पूर्ण पिळता येतो. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला ७००० वर गाडी ठेवून वळण घेतलं की पूर्ण इंजिन वापरल्याचं समाधान मिळतं. ज्याच्याकडं ट्रॅकवर जायची सवड आणि ऐपत आहे त्यानं लिटरची बाईक जरूर घ्यावी (प्रश्न १५ पाहा). मोठ्या बाईकच्या सर्व्हिससाठी इथून पुणं किंवा हैदराबाद गाठायची तयारी ठेवावी. पुणंच अडीचशे किलोमीटर.

७. एप्रिल-मेमध्ये गाडी ओढत नाही. भास आहे की खरं?

खरं आहे, आणि सोलापूरकरांना ते इतरांपेक्षा जास्त जाणवतं.

इंजिन पेट्रोलबरोबर हवा खातं, आणि तापलेली हवा विरळ असते. कंपन्या पॉवरचा आकडा देताना तो २५ अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीजवळच्या दाबाला जुळवून देतात. आपल्याकडं पारा ४३ ला गेला की हवा त्या तुलनेत सहा टक्के विरळ होते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्याचे आणखी पाच टक्के. दोन्ही मिळून साधारण दहावा हिस्सा गेला. ४६ पीएसची ड्यूक मेच्या दुपारी ४१ ची झाली. त्यात इंजिनच्या उष्णतेनं आत जाणारी हवा आणखी तापते, आणि नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगीची वेळ मागं घेतो, म्हणून सुस्ती वाढते.

उपाय मोजके. कूलंटची पातळी पाहा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा काढा. आपल्याकडच्या धुळीत ती जाळी दोन महिन्यांत भरते. मऊ ब्रशनं, समोरून नाही तर आतल्या बाजूनं बाहेर पाणी सोडून धुवा, आणि प्रेशर पंप जवळ नेऊ नका, पाती वाकतात. आणि उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला निघा. तापलेल्या हेल्मेटमध्ये माणूस इंजिनच्या आधी दमतो.

८. ई-२० पेट्रोलनं पॉवर कमी झाली का?

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल इथल्या उसापासूनच बनतं. तरी जे खरं ते लिहितो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागं सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते ओळखतो आणि जास्त इंधन सोडतो. त्यामुळं पॉवर फारशी हलत नाही, फटका मायलेजला बसतो.

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी. आरएक्सला सेन्सर नाही, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा भाग) बदलून घ्यावा लागतो आणि पेट्रोलच्या नळ्या, वॉशर यांकडं लक्ष ठेवावं लागतं. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळं अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका.

९. कागदावर ४६ आणि डायनोवर ३९-४०. कंपनीनं फसवलं?

नाही. कंपनी क्रँकजवळची पॉवर सांगते, डायनो मागच्या चाकावरची मोजतो. गिअरबॉक्स, चेन आणि टायर यांत दहा ते पंधरा टक्के जातात. चेन कोरडी किंवा जास्त ताणलेली असेल तर आणखी. डायनोवर पंधरा मिनिटं घालवण्याआधी चेन साफ करून तेल द्या.

१०. सायलेन्सर आणि फिल्टर बदलला तर पॉवर किती वाढेल?

एकट्या सायलेन्सरनं जवळपास काही नाही, फक्त आवाज. मी स्वतः हे करून बसलो आहे. जुन्या ड्यूकला मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावला. आवाजानं वाटायचं गाडी उडते आहे. पण ४००० ते ६००० मध्ये ती आधीपेक्षा मवाळ झाली, रिकाम्या चढावर गिअर उतरवावा लागायला लागला. हवा वाढली, इंधनाचा नकाशा (कधी किती पेट्रोल सोडायचं याचं ईसीयूतलं कोष्टक) जुनाच राहिला. दोन महिन्यांनी सगळं मूळचं परत बसवलं, तेव्हा त्याच चढावर तिसऱ्याच्या जागी चौथा गिअर चालला.

ईसीयूचा नकाशा डायनोवर नीट बसवून घेतला तर फरक पडतो, तोही वरच्या आरपीएमला, आणि काही एचपींचाच. त्याच्या बदल्यात वॉरंटी जाते. विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलीस कारवाई करतात, आणि ते योग्यच आहे. दवाखान्यांसमोरून रात्री अकराला फटाके वाजवत जाणाऱ्याला बाईकची आवड आहे असं मी मानत नाही.

११. ट्रॅक्शन कंट्रोल आहे, एबीएस आहे. मग पॉवरला भ्यायचं कशाला?

ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक घसरू लागलं की पॉवर कमी करतं, एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. ही साधनं खरंच मोलाची आहेत. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचं झालं, तेव्हापासून आमच्याच गटात ब्रेक दाबून पडणारे कमी झाले. पण त्यांना एक मर्यादा आहे : टायर आणि रस्ता यांच्यात जी पकड नाही ती ती साधनं निर्माण करू शकत नाहीत.

जानेवारीतली सकाळ. अक्कलकोट रस्त्यावर एका डाव्या वळणाला आदल्या रात्रीच्या ट्रॉलीतलं पाचट पडलेलं, त्यावर दव. टायर थंड. वळणातून बाहेर पडताना मी नेहमीसारखा अ‍ॅक्सिलेटर उघडला. मागचं चाक आधी पाचटावर हललं, मग सरळ उजवीकडं गेलं. ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा फडफडताना मला दिसला, इंजिन दबल्याचं ऐकूही आलं, आणि तरी गाडी खाली गेली. खांद्याला सहा आठवडे पट्टा होता. यंत्रणेनं तिचं काम केलं होतं. मी पकड नसलेल्या जागी पॉवर मागितली होती. गळीत हंगामात आता मी वळणाच्या आत कधीच अ‍ॅक्सिलेटर उघडत नाही, गाडी उभी झाल्यावरच.

१२. पॉवरबरोबर ब्रेकही भारी येतात, मग थांबायला काय अडचण?

अडचण वेगाच्या वर्गाची (वेग गुणिले वेग) आहे. कोरड्या डांबरावर उत्तम ब्रेक लावून ऐंशीवरून थांबायला साधारण ३२ मीटर लागतात. त्याआधी डोळ्यांनी पाहून हात हलायला एक सेकंद धरला तर आणखी २२. एकूण ५४. एकशे साठवरून तोच हिशोब १७० मीटरवर जातो. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त. रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली हेडलाईटच्या उजेडात किती मीटरवर दिसते, ते एकदा मोजा.

१३. नव्या हायाबुसाची पॉवर जुनीपेक्षा कमी का? पैसे जास्त आणि माल कमी?

दुसऱ्या पिढीची हायाबुसा १९७ पीएसची होती, २०२१ ची १९०. इंजिन दोन्हीकडं १३४० सीसीच. प्रदूषणाचे नवे निकष पाळताना वरच्या टोकाचे थोडे पीएस गेले, पण सुझुकीनं खालच्या आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क वाढवला. रस्त्यावर माणूस जिथं असतो तिथं नवी गाडी जास्त ओढते. प्रश्न २ मधला तो बारीक आकडा इथं कामाला येतो.

१४. मुलगा १९ वर्षांचा आहे, स्पोर्ट बाईकच हवी म्हणतो. कोणती घेऊन द्यावी?

आपल्या देशात अठरा पूर्ण झाले आणि गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं की ११० सीसी आणि १३४० सीसी दोन्ही चालवता येतात. पॉवरचे टप्पे नाहीत. युरोपात आहेत : आधी ११ किलोवॉट, मग ३५, त्यानंतरच मोकळी सूट. कायदा सांगत नाही, तर आई-वडिलांनी तो टप्पा घरात पाळावा असं मी मनापासून सांगतो. पहिली दोन वर्षं १५ ते २० पीएस, त्यानंतर ४० च्या घरात. युरोपातले ३५ किलोवॉट म्हणजे ४७.६ पीएस, नवी ड्यूक ३९० बरोबर त्याखाली बसते. म्हणजे तिकडं जी दुसऱ्या टप्प्याची गाडी मानली जाते ती इथं पहिली म्हणून घेतली जाते.

बजेटमधून आधी हेल्मेट, ग्लोव्ह्ज, जॅकेट आणि बूट बाजूला काढा, मग उरलेल्यात बाईक बघा. आणि मुलगा अठराच्या आत असेल तर अजिबात नाही. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे.

१५. मग पूर्ण पॉवर वापरायची कुठं? हायवे पहाटे रिकामा असतो.

रिकामा दिसतो. पहाटे पंढरीची, तुळजापूरची पायी वाट धरलेली माणसं त्याच रस्त्याच्या कडेनं चालत असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोईमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. स्वतःची बाईक नेऊन चालवता येणारे ट्रॅक-दिवस आणि शिकवण्या तिथं होतात. तारखा आधी विचारून घ्या. जाण्याआधी ब्रेकचं द्रव नवीन भरा, टायरची घडणीची तारीख बघा. चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यातला एकजण पहिल्यांदा कोईमतूरला गेला तो २०० सीसीची गाडी घेऊन. दिवसभरात त्याच्या टायरच्या कडेची कोरी पट्टी पूर्ण घासली गेली, बोटानं दाबली तर रबर चिकटत होतं. सोलापुरात चार वर्षांत ती पट्टी अर्ध्या बोटाएवढी तशीच होती.

१६. मागं कोणी बसलं तर स्पोर्ट बाईकची पॉवर कमी पडते का?

१५० सीसीला नक्की जाणवतं, गणित प्रश्न ३ मधलंच. पण खरा बदल तोलाचा आहे. उंच मागच्या सीटवर साठ किलो बसले की पुढचं चाक हलकं होतं, चढावर जोरात अ‍ॅक्सिलेटर दिला तर ते उचलू पाहतं. मागच्या टायरची हवा दोघांसाठी वेगळी लागते. ती किती ते स्विंगआर्मवर किंवा चेनगार्डवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. गाडी थंड असताना भरा.